बेल मोठी नको, जवळ हवी

साताऱ्याला आईच्या घरी गेल्या पावसाळ्यात कुरिअरवाला लागोपाठ तीन दिवस येऊन परत गेला. तिन्ही दिवशी शेरा एकच : दार बंद. आई तिन्ही दिवस घरातच होती. एकदा मागच्या पडवीत मेथी निवडत बसली होती, एकदा वरच्या खोलीत पंखा लावून दुपारची जरा पडली होती, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होती. पार्सलमध्ये तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मला फोनवर म्हणाली, "माझंच लक्ष नसतं गं आताशा."

ते वाक्य मला लागलं. दोष तिच्या लक्षाचा नव्हता. बेलचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्याचा ठपका स्वतःवर घेत होती. वय झालेल्या माणसांच्या घरात हे फार होतं. म्हणून त्या शनिवारी मी पुण्याहून गेले ती बेलचा छडा लावायचा असं ठरवूनच. त्या निमित्ताने जे वाचलं, करून पाहिलं आणि आमच्या वायरमनदादांकडून शिकले, ते इथे सांगते.

पहिल्यांदा भाच्याला दारात उभं केलं. दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबायचं, बाकी काही करायचं नाही, असं त्याला बजावलं आणि मी घरभर फिरले. हॉलमध्ये बेल खणखणीत. जिन्याच्या वळणावर बरी. वरच्या खोलीत दार उघडं असेल तर कान देऊन ऐकल्यावर कळत होती. दार लावलं, पंखा सुरू केला आणि संपलं. मागच्या पडवीत मधलं दार लोटलेलं असताना मला, म्हणजे धड कान असलेल्या माणसालाही, ती ऐकू आली नाही. तुमच्याही घरी हा प्रयोग आधी करा. मात्र दारं, पंखे, टीव्ही रोजच्यासारखे असू द्या. शांत घरात सगळ्याच बेल ऐकू येतात.

आता आवाज वाटेत कुठे हरवतो ते पाहू. आवाज मोजायचं माप म्हणजे डेसिबल, आणि हे माप किलो-लिटरसारखं सरळ बेरजेचं नाही. ८० डेसिबलच्या एका बेलशेजारी तशीच दुसरी लावली, तर १६० होत नाहीत, ८३ होतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घरात भिंतींवरून आवाज परत फिरतो, त्यामुळे एकाच खोलीत तो इतका उतरत नाही. खरी गळती होते ती दारांत आणि भिंतींत. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. आतल्या खोलीचं साधं फ्लश डोअर लावलेलं असेल तर २० च्या आसपास, तेही खालच्या फटीतून आवाज निसटतो म्हणून. म्हणजे बेल भिंतीतून ऐकू येतच नाही असं धरा. ती येते दारांमधून, फटींमधून आणि जिन्यावरून.

आता आईच्या वरच्या खोलीचा हिशेब. हॉलमध्ये ८० डेसिबल. जिन्याच्या वळणाने पंधरा गेले, बंद दाराने वीस. खोलीत पोचले ४५. पाचवर फिरणारा जुना पंखा एकटाच ५० च्या घरात आवाज करतो. म्हणजे बेल पंख्याच्या आवाजाखाली गाडली गेली. इशाऱ्याचा आवाज हमखास ऐकू यावा असं वाटत असेल, तर तो आजूबाजूच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलने वर असावा, हा आगीच्या भोंग्यांसाठी वापरला जाणारा ठोकताळा आहे. तो इथे लावला तर वरच्या खोलीत ६५ हवेत. त्यासाठी हॉलमधली बेल १०० डेसिबलची करावी लागेल. १०० डेसिबल म्हणजे हॉलमध्ये चहा पीत बसलेल्या माणसाच्या हातून कप पडेल. तान्हं बाळ असलेल्या शेजाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच.

मोठ्या आवाजाची नवीन बेल आणणं हा उपाय बहुतेक घरांत फसतो तो या आकड्यांमुळे. दुकानदारही "ही घ्या, जोरात वाजते" म्हणून तीच देतो. जवळ असेल त्याचे कान किटतात, लांब असेल त्याला तरीही ऐकू येत नाही.

आवाजाच्या जोराइतकाच महत्त्वाचा असतो त्याचा सूर, आणि आमच्या घरात अर्धी चूक इथेच झालेली होती. दोन वर्षांपूर्वी भावाने हौसेने चिमणीच्या किलबिलाटाची बेल लावली होती. वय वाढतं तशी ऐकण्याची ताकद सगळ्या सुरांत सारखी कमी होत नाही. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्या तोंडापाशी असलेल्या बारीक पेशी उंच सूर टिपतात, आणि आधी झिजतात त्या याच. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही." स, श, फ, थ हे उंच सुरांचे आवाज निसटलेले असतात, शब्दांचा सांगाडा तेवढा पोचतो. चिमणीचा किलबिलाट, पिपाणीसारखी टीं-टीं, बारीक आवाजाची इलेक्ट्रॉनिक धून हे सगळं नेमकं त्याच उंच पट्टीत असतं. तुमच्या-माझ्या कानाला ते टोचतं, म्हणून आपल्याला ते जोरात वाटतं. आईसाठी ती बेल वाजतच नव्हती.

आगीच्या भोंग्यांवर याचा नीट अभ्यास झालेला आहे. सूर किती उंच ते हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका सूर उंच. नेहमीचा तीक्ष्ण भोंगा सुमारे ३१०० हर्ट्झचा असतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना झोपेतून उठवायला त्यापेक्षा ५२० हर्ट्झचा खालचा, भरदार आवाज कितीतरी जास्त उपयोगी पडतो असं दिसलं. अमेरिकेत हॉटेलांसारख्या ठिकाणी झोपायच्या खोल्यांत आता हाच खालचा सूर नियमाने लागतो. दाराच्या बेललाही तीच गोष्ट लागू. शिवाय खालचा सूर कोपऱ्यावरून वळतो चांगला. ५०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७० सेंटिमीटर लांब असते, ३४०० हर्ट्झची जेमतेम १०. लांब लाट जिन्याचं वळण घेऊन वर येते, आखूड लाट समोरच्या भिंतीवर आपटून परत फिरते.

म्हणून माझं मत ठाम आहे : वयस्कर माणसं असलेल्या घरात जुनी डिंगडाँगच बरी. दोन वेगळे सूर, त्यातला एक खालचा, आणि दुसऱ्या कशासारखाही न वाटणारा आवाज. धून वाजवणाऱ्या बेलचा आणखी एक त्रास म्हणजे मालिकेतलं गाणं, शेजाऱ्यांचा फोन आणि आपली बेल यांत फरकच कळत नाही.

डिंगडाँगचं पोट एकदा उघडून पाहण्यासारखं असतं. आपल्याकडे ही बेल बहुधा थेट २३० व्होल्टवर चालते, म्हणून मेन स्विच बंद करूनच झाकण काढायचं. आत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलच्या पोकळीत एक लोखंडी दांडा, आणि दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या. बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं, दांडा ओढला जातो आणि एका पट्टीवर आपटतो : डिंग. बटण सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो : डाँग. इतकंच. भावाने काढून माळ्यावर टाकलेली आमची जुनी डिंगडाँग मी खाली आणली, तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, आणि दांड्यावर धूळ आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेचा काळा थर. दांडा अर्ध्यातच अडकत होता. कोरड्या फडक्याने पुसला, माती खरवडली, आणि वीस वर्षांची बेल नव्यासारखी वाजली. तेवढं शिवणाच्या मशीनचं तेल मात्र घालू नका. चार दिवस छान चालतं, मग त्या तेलावरच धूळ बसते.

डिंग ऐकू आलं आणि डाँग आलंच नाही, वर बेल गुणगुणत राहिली, तर समजा की बाहेरचं बटण अडकलं आहे किंवा त्यात पाणी शिरलं आहे. कॉइलमधून वीज वाहतच राहते, ती तापते आणि जळते. पावसाळ्यात हे हमखास होतं. आणि त्याच ओल्या बटणाला बाहेरचा माणूस बोट लावतो, तिथे २३० व्होल्ट असतात. बाहेरच्या बटणावर झाकण हवं, वरून पत्रा किंवा छज्जा हवा, आणि घराच्या मेन बोर्डात गळती पकडणारा आरसीसीबी हवा. यात कंजुषी करू नये.

आता घरभर ऐकू येण्याचा खरा उपाय. १८३१ साली अमेरिकेत ऑल्बनीच्या शाळेत जोसेफ हेन्री या शिक्षकाने वर्गाच्या भिंतींवरून मैलभर तार फिरवली, एका टोकाला वीज सोडली आणि दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकाच्या जोरावर घंटा वाजवून दाखवली. मला यातली गंमत ही वाटते, की त्याने आवाज मैलभर पाठवला नाही. निरोप तारेतून पाठवला, आणि आवाज केला तो ऐकणाऱ्याच्या शेजारी. आपण आपल्या घरात नेमकं उलटं करतो. दारापाशीच आवाज करतो, आणि त्याने भिंती, दारं, जिने ओलांडून आपल्याला शोधत यावं अशी अपेक्षा धरतो.

तेव्हा हॉलमधली बेल तशीच ठेवा आणि माणूस जिथे असतो तिथे दुसरी बेल लावा. याच्या वाटा दोन, तारेची आणि बिनतारी.

तारेची वाट मजबूत. दारावरच्या बटणातून निघालेली फेजची वायर आणि न्यूट्रल अशा दोन वायरी पहिल्या बेलच्या दोन टोकांना येतात. त्याच दोन टोकांपासून आणखी दोन वायरी काढून पडवीतल्या बेलला द्यायच्या. याला पॅरलल जोडणी म्हणतात. दोन्ही बेलना पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि दोन्ही एकदम वाजतात. कुणी घाईत एकीतून वायर काढून दुसरीत घातली आणि मग न्यूट्रलला नेली, म्हणजे सिरीज केली, तर व्होल्टेज दोघींत वाटलं जातं आणि एकही धड वाजत नाही. दुसरी बेल लावल्यापासून पहिलीही मेली अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. दोन-तीन बेलचा भार बटणाला काहीच जड नाही, घरातलं साधं बटण ६ अँपिअरचं असतं. दुसरी बेलही २३० व्होल्टचीच आहे ना, एवढं खोक्यावर बघा, कारण सेलवर चालणाऱ्याही मिळतात. भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टीतून वायर नेता येते. काम वायरमनकडूनच करून घ्या. पण त्यांना नेमकं काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं : "दादा, या बेलला पॅरलल एक बेल मागच्या पडवीत द्या, आणि बेलचा पॉईंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या."

हे दुसरं विसरू नका. वीज गेली की पंखा बंद, टीव्ही बंद, घर शांत, म्हणजे बेल सगळ्यात चांगली ऐकू येण्याची वेळ, आणि नेमकी तेव्हा बेल मुकी.

वरच्या मजल्यासाठी आम्ही बिनतारी घेतली, कारण जिन्यावरून वायर नेणं आईला पसंत नव्हतं. "भिंत नुकती रंगवलीय," म्हणाली, विषय संपला. बिनतारी बेलमध्ये दारावरचं बटण हा छोटा रेडिओ असतो, आणि घरात प्लगमध्ये खोचायचा डबा त्याचा संदेश ऐकून वाजतो. एका बटणाला असे दोन, तीन, चार डबे जोडता येतात, मात्र ती सोय त्या मॉडेलमध्ये आहे ना हे घेतानाच विचारायचं. जोडणी सोपी असते. डब्यावरचं बटण दाबून धरायचं, तो टुं करतो, मग दारावरचं बटण दाबायचं, की दोघांची ओळख झाली.

यातल्या पुष्कळ बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. या रेडिओ लहरीची लांबी निघते ६९ सेंटिमीटर, म्हणजे मघाशी सांगितलेल्या ५०० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेएवढीच. हा योगायोग मला फार आवडला. वायफाय वापरतो त्या २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, आणि ती भिंतींत लवकर थकते. खोक्यावर '१०० मीटर' किंवा '३०० मीटर' लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. सळ्यांनी भरलेला स्लॅब, जाड ओल्या भिंती, फ्रीजची पाठ, लोखंडी कपाट यांनी ते कुठच्या कुठे येतं. लोखंडी सेफ्टी डोअरवर बटण थेट चिकटवलं की तो पत्रा लहर बिघडवतो. मधे लाकडाची पट्टी घाला, नाहीतर चौकटीवरच लावा. डबा फ्रीजमागच्या प्लगमध्ये नको.

सेल उतरायला लागला की सगळी बेल एकदम बंद पडत नाही. आधी सगळ्यात लांबचा डबा गप्प होतो. हॉलमधला वाजतो, वरचा वाजत नाही, आणि आपण डबा बिघडला म्हणून दुकानात नेतो. आमच्याकडे बटणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर सेल बदलल्याची तारीख लिहिलेली आहे.

मिक्सरचं काय? तो जवळून ८५ डेसिबलच्या आसपास गोंगाट करतो, त्यावर मात करणारी बेल घरात कुणालाच सोसवणार नाही. तिथे कानाचा नाद सोडून डोळ्यांकडे जायचं. बेलच्या त्याच दोन वायरींना ओट्यासमोर एक छोटा एलईडी दिवा पॅरलल जोडला की बटण दाबलेलं असेपर्यंत तो पेटतो. आम्ही लाल लावला. चटणी वाटताना आईची नजर समोरच्या भिंतीवरच असते. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लखलखणारा दिवा असलेले बिनतारी डबे मिळतात. झोपलेल्या माणसाला मात्र दिव्याचा उपयोग नाही. कानाचं मशीन लावणारी माणसं दुपारी आडवं होताना ते काढून ठेवतात. त्यांच्यासाठी उशीखाली थरथरणारी चकती असते, ती खरंच उठवते.

फोनवर वाजणाऱ्या कॅमेऱ्याच्या बेल छानच, बाहेर कोण आहे ते दिसतं. पण राउटर बंद, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, इंटरनेट मंद, यातलं एक जरी झालं तरी बेल गेली. आईसारख्या माणसाच्या घरात ती एकुलती एक बेल म्हणून ठेवू नये.

आणि दारात दोन बटणं कधीच ठेवू नका. येणारा माणूस आधी दिसेल ते दाबतो. आम्ही पहिल्या दिवशी ही चूक केली. जुनं तारेचं बटण आणि शेजारी नवं बिनतारी, आणि दूधवाला इमानेइतबारे जुनंच दाबत राहिला. मग वायरमनदादांनी जुन्या बटणावर कोरी पट्टी बसवली, बिनतारीचा एक डबा हॉलमध्ये, एक वरच्या खोलीत लावला, आणि तारेच्या डिंगडाँगचं बटण नव्या जागी हलवता येईल का ते पाहिलं. शेवटी वेगळाच तोडगा निघाला : बिनतारी बटणाचं झाकण उघडून त्याचे दोन संपर्क एका लहान रिलेवर, म्हणजे वीज मिळाली की आपोआप दाबला जाणाऱ्या स्विचवर घेतले, आणि तो रिले डिंगडाँगच्या वायरींना पॅरलल जोडला. आता कोरी पट्टी काढून बाहेर पुन्हा एकच जुनं बटण आहे, झाकणासकट. ते दाबलं की हॉलमध्ये आणि पडवीत डिंगडाँग वाजते, ओट्यासमोर लाल दिवा लागतो, रिले ओढला जातो आणि वरचा डबाही वाजतो. हे प्रत्येकाला जमेल असं नाही, रिलेच्या २३० व्होल्टच्या आणि सेलच्या बाजू काटेकोर वेगळ्या ठेवाव्या लागतात. जमत नसेल तर जुनं बटण बंद करून सगळीकडे बिनतारी डबे लावा, तेही उत्तम.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती, ती आईने सांगितली. बेल आत वाजते हे बाहेरच्या माणसालाही कळायला हवं. त्याला आवाज आला नाही तर तो पुन्हा पुन्हा दाबतो, मग दार ठोठावतो, मग निघून जातो. म्हणून हॉलमधली डिंगडाँग दाराजवळच राहिली. आणि आवाज पोचला तरी वरच्या खोलीतून, गुडघे धरून, जिना उतरायला आईला दोन मिनिटं लागतात. बटणाखाली तिने स्वतःच्या अक्षरात पाटी लावून घेतली आहे : "बेल ऐकली आहे. येते आहे. जरा थांबा."

गेल्या मंगळवारी कुरिअरवाला थांबला.